जिल्हा म्हणजे बरगडी

नववी ब, शेवटचा तास,
पाण्याच्या टाकीमागची खोली.
मोटार सुरू झाली की माझा आवाज बुडतो,
आणि समोरच्या मिलमधली तुरीची भुकटी
फळ्यावरच्या नुक्त्यांत आपलेही नुक्ते मिसळते.
'ते' चा 'से' होतो.
मी फुंकर मारून परत 'ते' करतो.

एकवीस पोरं.
वीस जण घरूनच अलिफ-बे शिकून आलेली,
अर्थ न कळता भराभर वाचणारी.
त्यांना मधेच थांबवणं, हेच माझं शिकवणं.
एकविसावी वैजयंता केंद्रे.
संस्कृत सोडून इकडे आली म्हणून
मुख्याध्यापकांनी दोनदा बोलावून विचारलं, "काहून गं?"
"भाऊ दम्मामला क्रेनवर हाय.
त्याचे कागद वाचायचेत."

पहिल्या दिवशी ऐन कुणालाच नीट येईना.
म्हणालो, डॉक्टर 'आ' कर म्हणतो ना,
त्याच्याही खाली उतरा, पार घशाच्या तळाला.
ती म्हणाली, "चुलता बैल थांबवताना काढतो, तसा का?"
आणि काढला.
अस्सल ऐन, देवणी बैलाच्या नावानं.
वीस जण गप्प.

मग मी सांगत गेलो, हे शब्द तुमच्याच घरातले,
फक्त तोंड धुऊन आलेत.
तहसील, महसूल, अर्ज, वारस, मयत.
हजेरीला ओरडता तो 'हजर' सुद्धा.
जिल्हा म्हणजे मुळात बरगडी.
"मंजे लातूर बरगडी?"
"हो."
"अन् उदगीर?"
उदगीर अजून बरगडी व्हायची वाट बघतंय, म्हणालो,
तेव्हा शोएब बागवान बाकावरून पडेपर्यंत हसला.
खरीप म्हणजे पानगळ.
"पण सर, पेरा तर जूनात असतो."
असतो.
एवढ्या लांबून चालत आलेला शब्द,
वाटेत कुठं तरी ऋतू सांडला.

गरीब म्हणजे परका. घरापासून लांब असलेला.
ह्यावर कुणी काही विचारलं नाही.

डिसेंबरात ती फोन घेऊन स्टाफरूमच्या दारात.
चार दिवस भाऊ उचलत नव्हता,
आज उचलला तो दुसऱ्याच कुणी.
अरब होता.
बावीस वर्षं अरबी शिकवतोय मी,
अरब माणसाशी कधी बोललो नव्हतो.
उठून उभा राहिलो, शर्टाची वरची गुंडी लावली,
आणि प्रत्येक शब्दाच्या शेपटाला जेर, जबर, पेश जोडून
विचारलं, हे सन्माननीय महोदय,
व्यंकट नामक कामगार सांप्रत कोठे आहे?

पलीकडे शांतता. मग हसू. मग,
"व्यंकट हॉस्पिटल. हाथ टूटा. टेन्शन नक्को, भाई."

नक्को.
आमच्या गल्लीतला नक्को,
कुठल्या मजुराकडून त्यानं उचललेला,
दम्मामहून माघारी आला, व्याकरणाशिवाय.
वैजयंतानं माझ्याकडं पाहिलं.
"तुम्ही बरोबरच बोललात ना, सर?"
बरोबर बोललो होतो. तेच तर.

वार्षिक परीक्षा, प्रश्न चौथा:
स्वतःच्या मनानं एक वाक्य लिहा.
वीस जणांनी लिहिलं, घर मोठे आहे.
ते धड्यातच होतं.
तिनं लिहिलं, अखी गरीबुन.
दोनच शब्द. अलिफवरचा हम्झा राहिलेला.
माझा भाऊ परका आहे.
की मराठीतूनच वाचायचं?
उत्तरपत्रिकेला विचारता येत नाही,
आणि पोरीला विचारायला मला तोंड नव्हतं.

हम्झ्याचा अर्धा गुण कापला.
मग तांबड्या पेनानं तो हम्झा मीच लिहिला,
बारका, त्याच्या जागेवर,
आणि कागद तसाच धरून बसलो.
बाहेर टाकी कधीची भरून वाहत होती.